एकच तालुका, पाच विषय: जीआयएसमध्ये माहिती जुळवताना

उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईवर एखाद्या तालुक्यात अभ्यास उभा करायचा म्हटला, तर टेबलाभोवती निदान पाच जण बसतात. भूजलवाल्याला पाणलोट क्षेत्र हवं असतं, समाजशास्त्राच्या अभ्यासकाला वाडी-वस्ती, आरोग्यवाल्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राची हद्द, शेतीवाल्यांना गट नंबर आणि इतिहासवाल्याला जुन्या तालुक्याची शीव, जी आज कुठल्याच सरकारी फाइलीत नाही. सगळे एकाच जमिनीबद्दल बोलतात, पण जमिनीचे तुकडे प्रत्येकाचे वेगळे. जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशावर माहिती मांडणाऱ्या संगणकप्रणालीत, हे थर एकावर एक ठेवता येतात हे खरं. पण एकावर एक ठेवले म्हणून ते जुळत नाहीत. अशा प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ खाणारं काम हे जुळवण्याचं असतं आणि त्यातलं बरंचसं क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर उरकायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कागदावर म्हणजे एक साधा तक्ता. एकेका ओळीत एकेक माहितीसंच, आणि पुढे चार रकाने: ही माहिती कुठल्या एककाची, कुठल्या तारखेची, त्या एककाला कोड कुणी दिलाय आणि ती गोळा कुणी व कशासाठी केली. शेवटचा रकाना बहुतेक प्रकल्पांत रिकामा राहतो, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा खरा कस तिथेच लागतो.

टँकरची यादीच घ्या. गाव किंवा वाडी, लोकसंख्या, टँकरची क्षमता, मंजूर खेपा असे आकडे मिळतात. १२,००० लिटरचा टँकर दिवसाला दोन खेपा करतो आणि वस्ती १,००० माणसांची आहे, तर माणशी २४ लिटर पाणी. जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटरचा आहे, म्हणजे निम्मंही नाही. इथवर हिशोब सोपा. पण टँकर लागणं ही निव्वळ भूजलाची घटना नाही. प्रस्ताव ग्रामपंचायतीने पाठवावा लागतो, पाहणी होते, मंजुरी मिळते. जिथे टँकर नाही तिथे टंचाई नाही असं धरलं, तर ज्या वाडीचं ऐकणारं कुणी नाही ती वाडी नकाशावर पाण्याने सुखी दिसते. भूजलतज्ज्ञाला हे आकड्यांतून कळणार नाही, समाजशास्त्रवाला पहिल्याच बैठकीत सांगेल. म्हणून तो रकाना भरताना दोघं एकत्र बसायला हवेत.

गावाचं नाव हा कोड नव्हे

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३,६६३ गावं आहेत आणि प्रत्येकाला सहा आकडी कोड आहे. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा कोड वेगळा, आणि टँकरच्या यादीत बहुधा नुसतं नाव. मग नावावरून जुळवायचा मोह होतो. वडगाव, पिंपळगाव, निमगाव अशी नावं तालुक्या-तालुक्यात आहेत, आणि त्यात पुन्हा बुद्रुक आणि खुर्द. संगणकाच्या 'मिळत्याजुळत्या नावां'च्या पद्धतीला 'वडगाव बु.' आणि 'वडगाव खु.' एका अक्षराच्या फरकाने जवळजवळ सारखे वाटतात, तर 'वडगाव बु.' आणि 'वडगाव बुद्रुक' एकमेकांपासून लांब वाटतात. निकाल नेमका उलटा लागतो.

यावर उपाय असा. आधी जिल्हा आणि तालुका कोडाने बांधून घ्या. मग नावातून बुद्रुक, खुर्द, 'तर्फ अमुक' हे तोडून वेगळ्या रकान्यात टाका आणि त्यांची रूपं एकसारखी करा. उरलेलं मूळ नाव जुळवा. जे जुळत नाही ते शेजारची गावं पाहून हातानेच जुळवायचं, त्याला दुसरा मार्ग नाही. देवनागरीत आणखी एक खोच आहे. 'कऱ्हाड'मधला 'ऱ्ह' दोन-तीन प्रकारांनी टंकता येतो, पडद्यावर सारखाच दिसतो आणि संगणकाच्या लेखी वेगळा असतो. जुळवणीआधी सगळा मजकूर युनिकोडच्या एकाच रूपात आणा. जुन्या कार्यालयीन फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत असतील तर त्यांचं रूपांतर त्याहीआधी.

हद्दीही बदलतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या जनगणनेत तो ठाण्यातच सापडेल. दहा वर्षांची तुलना करायची असेल तर एक वर्ष पायाभूत ठरवा आणि बाकीची माहिती त्या वर्षाच्या हद्दींवर आणा.

तालुक्याच्या कोडाच्या पुढे शून्य असतं. एक्सेलमध्ये फाइल उघडून नुसती जतन केली तरी ते उडतं आणि जोडणी रिकामी येते. कोडाचा रकाना पहिल्यापासून मजकूर म्हणूनच आयात करा.

शेपफाइल या थर साठवायच्या जुन्या फाइल-प्रकाराचा नाद सोडा, हेही इथेच सांगतो. तिच्यात रकान्याचं नाव दहा बाइटांत बसवावं लागतं. युटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा धरून, म्हणजे तीन चिन्हांत नाव संपलं. मजकुराच्या रकान्याला २५४ बाइटांची मर्यादा, म्हणजे मुलाखतीतलं एक धड वाक्यसुद्धा मावत नाही. अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी सोबतची सीपीजी फाइल मेलमध्ये गळली की सगळी गावं प्रश्नचिन्हं होतात. जिओपॅकेज वापरा: एकच फाइल, त्यात अनेक थर, मराठी शाबूत.

अंश आणि मीटर

पाच संस्थांकडून आलेले थर क्यूजीआयएसमध्ये उघडले की ते बिनबोभाट एकावर एक बसतात, कारण सॉफ्टवेअर दाखवताना प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, आपोआप बदलतं. नेमका इथेच घात होतो. दिसायला बरोबर असलेल्या थरावर ५ किलोमीटरचं बफर, म्हणजे भोवतीचं वर्तुळ, काढायला '५' टाकलं आणि थर अक्षांश-रेखांशात असला, तर ५ अंशांचं, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या पुढचं वर्तुळ मिळतं. हे निदान डोळ्याला खटकतं. उतार काढताना तसं होत नाही. आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये असली, की सगळा तालुका नव्वद अंशांच्या आसपासच्या कड्यांचा होतो, आणि पुढच्या गणितात तो आकडा मुकाट्याने शिरतो.

मोजमापाआधी यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पट्ट्यांच्या प्रक्षेपणात, या. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला पट्टा ४३, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ (ईपीएसजी हा प्रक्षेपणाचा सॉफ्टवेअरमधला क्रमांक), आणि पूर्वेला पट्टा ४४, म्हणजे ३२६४४. अमरावती शहर पश्चिमेला, वर्धा आणि नागपूर पूर्वेला, आणि यवतमाळ जिल्हा दोन्हीकडे पसरलेला. एका तालुक्यापुरतं काम असेल तर बहुतेक भाग ज्या पट्ट्यात पडतो तोच सगळीकडे धरा. काठावर थोडी चूक वाढते, पण दोन पट्ट्यांत थर तोडण्यापेक्षा ते परवडतं.

आणि 'सेट लेयर सीआरएस' (सीआरएस म्हणजे थराची स्थाननिर्देशक प्रणाली) आणि 'रीप्रोजेक्ट लेयर' यांची गल्लत करू नका. पहिल्याने फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. दुसऱ्याने आकडे खरोखर बदलून नवा थर तयार होतो. 'माझा थर समुद्रात गेला' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा पहिलं बटण असतं.

इतिहासवाल्यासाठी जुनी टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचे छापील नकाशे, लागतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या पत्रकाची चौकट १५ मिनिटं गुणिले १५ मिनिटं. पुण्याचा भाग ४७ एफ/१४ मध्ये येतो. दर ५ मिनिटांच्या रेघा धरल्या तर १६ छेदनबिंदू मिळतात आणि नियंत्रणबिंदू, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा जागेवर बसवायचे बिंदू, म्हणून तेच सर्वांत भरवशाचे. पत्रक ३०० डीपीआयला सपाट स्कॅन करा, घडी पडलेली असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंचे बिंदू घ्या. मात्र ही जुनी पत्रकं एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती रूपावर, आहेत. समासातले आकडे डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ती प्रणाली) समजून टाकले तर आपल्या भागात सगळा नकाशा शंभरेक मीटर सरकतो. आणि सॉफ्टवेअर दाखवतं की त्रुटी नगण्य आहे, कारण सोळाही बिंदू सारखेच सरकलेले असतात. म्हणून आधी कल्याणपूर १९७५ या प्रणालीत, ईपीएसजी ४१४६ मध्ये, पत्रक बसवा आणि मग रूपांतर करा. पडताळणी जागेवरून न हललेल्या वस्तूंवर करायची: रेल्वेचा पूल, जुनं देऊळ, धरणाची भिंत. रेघाच नसलेला जुना हस्तलिखित नकाशा असेल, तर लोक 'थिन प्लेट स्प्लाइन' वापरतात आणि त्रुटी शून्य आली म्हणून खूश होतात. त्या पद्धतीत ती शून्यच येते, कारण नकाशा ताणून दिलेल्या बिंदूंवर बसवला जातो. तीन-चार बिंदू बाजूला ठेवून त्यांच्यावर चूक मोजा.

गावाचा मध्यबिंदू डोंगरात पडतो

समाजशास्त्र आणि आरोग्य या दोघांच्या कामात 'गावापासून दवाखान्याचं अंतर', 'गावापासून विहिरीचं अंतर' असे आकडे सतत लागतात. सोपा मार्ग म्हणून गावाच्या बहुभुजाचा, म्हणजे नकाशावरच्या हद्दीच्या आकृतीचा, मध्यबिंदू घेतला जातो. घाटाच्या कडेच्या गावांची शीव लांबोळकी असते: खाली ओढ्याकाठी गावठाण, मध्ये शेतं, वर डोंगर आणि वनखात्याची जमीन. मध्यबिंदू पडतो डोंगरात. अंतर दोन-तीन किलोमीटरने चुकतं आणि चूक एकाच दिशेची असते, डोंगराळ गावांत मोठी आणि सपाटीच्या गावांत छोटी. म्हणजे नेमकं जे तपासायचं तेच बिघडतं. शिवाय वाड्या-वस्त्या जनगणनेत स्वतंत्र गाव म्हणून येत नाहीत, आणि टँकर तर वाडीलाच जातो.

म्हणून वस्त्या हाताने बिंदूंनी उतरवा. उपग्रहचित्रावर घरांचे पुंजके दिसतात, नावं टोपोशीटवर आणि ग्रामसेवकांकडे मिळतात. एका तालुक्यासाठी हे दोन माणसांचं काही दिवसांचं काम आहे आणि पुढच्या प्रत्येक विश्लेषणाला ते उपयोगी पडतं. मला विचाराल तर निधी अपुरा असेल तेव्हा महागडी उपग्रहचित्रं सोडा, पण हे सोडू नका.

लोकसंख्या गावाकडून पाणलोटाकडे नेतानाही हाच प्रश्न येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याचे सुमारे पंधराशे पाणलोट पाडले आहेत, आणि गावाची शीव त्यांना जुमानत नाही. १,००० लोकसंख्येच्या गावाचं ६० टक्के क्षेत्र 'अ' पाणलोटात असलं, तर क्षेत्राच्या हिशोबाने ६०० माणसं तिकडे जातात. प्रत्यक्षात त्या ६० टक्क्यांत सगळी शेतं आणि गायरान असेल आणि गावठाण पूर्णपणे 'ब' मध्ये असेल. वाटणी क्षेत्रावर न करता उतरवलेल्या वस्त्यांवर करा. थर छेदल्यावर हद्दींच्या कडेला चिंचोळ्या पट्ट्या तयार होतात, त्या काढायला विसरू नका. नाहीतर ४० चौरस मीटरच्या पट्टीतही अपूर्णांकातली माणसं राहायला येतात.

विहीर, पाऊस आणि खोटी अचूकता

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजली जाते. अशा विहिरी तालुक्यात मोजक्या, म्हणून अभ्यासक स्वतःही मोजतात. मोजताना टेप काठावरून सोडतात, पण पातळी जमिनीपासून लिहायची असते. काठाची उंची वेगळी नोंदवून वजा करा. पंप चालू असेल किंवा नुकताच बंद झाला असेल, तर ती नोंद बाजूला ठेवा.

या आकड्यांवरून नकाशा रंगवताना जमिनीपासूनची खोली विहिरींमधल्या जागांवर थेट पसरवली जाते. डोंगरउतारावरची ९ मीटर आणि ओढ्याकाठची ३ मीटर यांची सरासरी ६ मीटर कुठेही खरी नसते. आधी जमिनीच्या उंचीतून खोली वजा करून पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची काढावी लागते. पण मोफत मिळणाऱ्या ३० मीटर उंची-नमुन्यांत (दर ३० मीटरच्या चौकोनाची उंची देणाऱ्या फाइलींत), म्हणजे २००० सालच्या एसआरटीएममध्ये किंवा कोपर्निकसमध्ये, उंचीच काही मीटरने चुकलेली असू शकते. झाडं आणि छपरंही त्यात धरलेली असतात. ऑक्टोबर ते मे हा फरकच मुळी काही मीटरचा. तेव्हा हंगामी घट त्याच विहिरीच्या दोन मोजण्यांतून काढा, तिला उंची-नमुना लागतच नाही. फोनच्या जीपीएसची उंची तर या कामी घेऊच नका. ती बऱ्याच फोनांत लंबगोलाभापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती पृष्ठभागापासूनची, असते आणि महाराष्ट्रात उंची-नमुन्यापेक्षा साठ-सत्तर मीटरने कमी दिसते.

बेसॉल्टमध्ये आणखी एक मर्यादा आहे. सच्छिद्र थरात पाणी, खाली घट्ट खडक, मध्येच डाइक, म्हणजे खडकात घुसलेली उभी भिंत. शंभर मीटरवरच्या दोन विहिरी दोन वेगळ्या थरांतून पाणी घेत असतील. त्यांच्यामधून गुळगुळीत समपातळी रेषा ओढणारा नकाशा दिसतो छान, पण भूशास्त्रज्ञाने तो थर-हद्दी पाहून तोडल्याशिवाय समाजशास्त्रवाल्याच्या हाती देऊ नये. छापील रंगावर लोक विश्वास ठेवतात.

पावसाचं तसंच. भारतीय हवामान विभागाच्या दैनंदिन पावसाच्या चौकटी पाव अंशाच्या आहेत, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वाईला हजाराच्या आत, आणि दोन्हींत सरळ अंतर पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी. एका चौकटीच्या लांबीत एवढा फरक गडप होतो. त्यापेक्षा महसूल मंडळांची पर्जन्यमापकं घ्या आणि घाटमाथ्याच्या अलीकडची व पलीकडची वेगळी पसरवा.

इथून संख्याशास्त्रातली चूक जन्मते. तालुक्यात १२० गावं आणि पावसाच्या चौकटी तीन. झोनल स्टॅटिस्टिक्स (प्रत्येक गावाच्या हद्दीतला आकडा काढणारं साधन) चालवलं की १२० ओळींत पावसाचा आकडा भरलेला दिसतो आणि समाश्रयणाला (रिग्रेशन, म्हणजे आकड्यांमधला संबंध शोधणारं गणित) वाटतं की १२० स्वतंत्र निरीक्षणं आहेत. खरी आहेत तीन. भरभक्कम वाटणारा निष्कर्ष त्यातूनच येतो. ज्या एककावर माहिती मोजली गेली त्या एककाचा कोडही ओळीत ठेवा, म्हणजे संख्याशास्त्रवाल्याला गटवारी करता येईल. आणि समाश्रयणानंतर उरलेल्या फरकांचा नकाशा काढून मोरानचा निर्देशांक, म्हणजे शेजारचे आकडे किती सारखे आहेत याचं माप, पाहा. शेजारची गावं अजूनही एकसारखी चुकत असतील, तर काहीतरी सुटलेलं आहे.

आरोग्याच्या थरात हाच मुद्दा वेगळ्या रूपात येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या समूहांचे (एकत्र निवडलेल्या कुटुंबांच्या गटांचे) बिंदू गोपनीयतेसाठी मुद्दाम हलवलेले असतात: शहरी २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ पर्यंत आणि ग्रामीणांतले एक टक्का १० पर्यंत. त्या बिंदूखालचा ३० मीटरचा एक चौकोन वाचून 'या कुटुंबांजवळ पाणी आहे' म्हणणं निरर्थक आहे. ग्रामीण बिंदूभोवती ५ किलोमीटरचं क्षेत्र घेऊन सरासरी काढा, आणि विहिरीपर्यंतच्या अंतरासारखे प्रश्न या माहितीला विचारूच नका.

शेतीच्या नोंदींबाबत एक लहानशी पण महाग पडणारी गोष्ट. जुन्या कागदांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं. '२ एकर ३० गुंठे' हे एक्सेलमध्ये २.३० असं टंकलं जातं आणि पुढे ते दशांश म्हणून वाचलं जातं. एकराचे ४० गुंठे, म्हणून खरा आकडा २.७५. हेक्टर-आरमध्ये शंभराचा हिशोब असल्याने हा घोटाळा होत नाही. एकर आणि गुंठे दोन रकान्यांत घ्या आणि गुंठ्यांच्या रकान्यात ३९ च्या वर आकडा आला तर लाल होईल असं लावून ठेवा.

लोकांकडून नकाशा काढून घेताना

मुलाखतीतली माहिती शेवटी 'जोडायची' असं ठरवलं की ती कधीच जोडली जात नाही. गावात ए१ आकाराचं उपग्रहचित्र छापून न्या, त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवा, चार कोपऱ्यांत खुणा करा म्हणजे परत आल्यावर तो पेपर जागेवर बसवता येईल. बायकांबरोबर वेगळं बसा. कुठला झरा एप्रिलमध्ये आटतो, कुठल्या विहिरीवर कुणाला भरू देत नाहीत, हे पुरुषांच्या बैठकीत निघत नाही. प्रत्येक खुणेला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक ध्वनिमुद्रणात मोठ्याने म्हणा. ध्वनिमुद्रण लिहून काढताना वाक्य आणि बिंदू एकमेकांना तिथे सापडतात. कोण हजर होतं आणि महिना कोणता होता, हे थराच्या रकान्यांतच असू द्या. कोबोटूलबॉक्स किंवा क्यूफील्ड या नोंदी घ्यायच्या अ‍ॅपवर बिंदू घेत असाल तर अचूकतेचा आकडाही साठवा. उघड्यावर तो ५ ते १० मीटर असतो, घळीत बराच वाढतो, आणि ३० मीटर अचूकतेचा बिंदू दोन शेजारच्या गटांतला फरक सांगू शकत नाही.

माहिती खुली करताना दशांशस्थळं पाहा. पाच दशांश म्हणजे सुमारे एक मीटर, तीन म्हणजे शंभरेक मीटर, दोन म्हणजे किलोमीटरभर. घरांचे बिंदू दोनच्या पुढे बाहेर जाऊ देऊ नयेत, आणि विरळ वस्तीत दोनही जास्त होतात. तिथे फक्त गावाचा आकडा द्या. बोअरवेलच्या बाबतीत आणखी जपावं लागतं. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आणले आहेत. एखाद्या शेतकऱ्याने विश्वासाने सांगितलेली ११० मीटरची खोली त्याच्या बिंदूशेजारी खुल्या फाइलीत गेली, तर अभ्यासासाठी दिलेलं उत्तर त्याच्याविरुद्धचा पुरावा होतं. खोलीचा रकाना खुल्या फाइलीत बिंदूसोबत ठेवूच नका. पाणलोटनिहाय 'किती विहिरी कुठल्या खोलीच्या' एवढंच द्या आणि तेही एका कप्प्यात पाचपेक्षा कमी विहिरी असतील तर शेजारच्या कप्प्यात मिळवून.